शून्याच्या जागी एक

१

पौषात चौगुल्यांच्या वस्तीवर सकाळ आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. आष्ट्याच्या शिवारात चारी बाजूंनी ऊस, उसावर धुकं, आणि त्या धुक्यातनं कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड, थोडा करपट वास चालत येतो. तो उंबऱ्याशी आला की चंपाबाई उठायच्या. आंघोळ करायची, दुहेरी फडक्यातनं पाणी गाळायचं, फडक्यावर राहिलेले जीव अलगद परत विहिरीत सोडायचे, मग गावातल्या बस्तीत, जैन मंदिरात, जाऊन देवाचा अभिषेक बघायचा. उन्हं वर यायच्या आत घरी. अण्णाप्पांचं तोंड धुवायचं, चमच्यानं दूध पाजायचं, कूस बदलायची. नऊला लाईट जायची, अकराला यायची. आणि अकराला लाईट आली की बाहेरच्या सोप्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसून ती एक ओळ टाकायची.

अण्णाप्पा चौगुले म्हणजे बोलका माणूस. ऊसतोडीच्या टोळीशी बोलायचे, बैलाशी बोलायचे, कुणीच नसलं तर विहिरीवरच्या मोटारीशी बोलायचे. भादव्यात लकवा आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाट बघा. डाव्या हाताची तर्जनी तेवढी हलत होती. बाकी सगळा माणूस नुसता बघत पडलेला.

पारस, त्यांचा मुलगा, लोणंदला कारखान्यात यंत्रांच्या कॉम्प्युटरचं काम बघतो. त्यानं अप्पांच्या त्या एका बोटाखाली एक बटण बसवलं आणि वायर भिंतीतनं सोप्यात आणली. एकदा दाबलं की पडद्यावर 'होय'. दोनदा 'नको'. तीनदा 'पाणी'. चारदा 'कूस'. पाचदा 'ये'. पाच शब्दांत सगळा संसार.

अडचण एकच होती. लाईट गेली की ते बंद पडायचं.

"आई, असं बघ," पारसनं सांगितलं होतं. "ह्या डब्यात एक फळी हाय. फळीवर दर यंत्राच्या नावाची एकेक पाटी. पाटी म्हंजे यंत्र न्हवं. नुसतं नाव आणि दोन आकडे. पयला आकडा यंत्राची जात सांगतो, दुसरा त्या जातीतलं कितवं ते. लाईट गेली की फळी कोरी. बाकीच्या पाट्या डबा आपल्या आपण लावतो. पर हे बटण मी घरी बनवलंय, त्याची त्याला वळख न्हाई. ती पाटी तू हातानं लावायची."

"म्हंजे स्थापना की रं," चंपाबाई म्हणाल्या.

पूजेला बसलं की ताटाशेजारी छोटा ठोणा, वाटीसारखं भांडं, असतो. त्यात पिवळ्या अक्षता टाकून म्हणायचं, इथं या, इथं बसा, माझ्याजवळ असा. ठोणा म्हणजे देव नव्हे. पण बोलावल्याशिवाय पूजा नाही.

पारस हसला. "व्हय, तसंच."

"आणि विसर्जन?"

"ते लाईट गेली की होतंय आपसूक."

ओळ त्यांनी वहीत उतरवून घेतली होती, एकेक अक्षर वाचून, मराठीत. एम, के, एन, ओ, डी. मोकळी जागा. तिरकी रेघ, डी, ई, व्ही, तिरकी रेघ, ए, पी, पी, ए. मोकळी जागा. सी. मोकळी जागा. दोनशे चाळीस. मोकळी जागा. शून्य. मग कीबोर्डवरचं मोठं बटण, एंटरचं. पडद्यावर 'अप्पा' असं नाव यायचं आणि त्यापुढं शब्द उमटायला लागायचे. त्या नावाला त्या रोज हात जोडायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, पारसलाही नाही. दिवाळीच्या पाडव्याला बस्तीत देवापुढं त्यांनी नेम धरला होता की अण्णाप्पा आपल्या तोंडानं बोलेपर्यंत मीठ खाणार नाही. आमटीत मीठ पडायच्या आधी स्वतःची वाटी बाजूला काढून ठेवायच्या. आपल्याला फळ मिळणार याची त्यांना खात्री होती. नेम धरणाऱ्या बाईला ती असतेच. नसती तर ती नेम कशाला धरेल?

२

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. लाईट आली, चंपाबाई खुर्चीत बसल्या, एम के एन ओ डी असं टाकत शेवटच्या आकड्यापर्यंत आल्या, आणि दारातनं सुलाबाईची हाक आली. सुलाबाई शेजारच्या वस्तीवरची, पोरगा फौजेत, घरात ती आणि दोन म्हशी.

"आवं काकी, इरजण हाय का घरात? आमचं समदं दही मांजरानं पवित्र केलं."

"हाय की. फडताळात हाय बघ, घे."

मान वळवून बोलता बोलता बोट पडलं आणि मोठं बटणही दाबलं गेलं. 'अप्पा' हे नाव आलं. त्यांनी हात जोडले.

खुर्चीतनं खोलीचं दार दिसायचं, आणि दारातनं खाटेवरचे फक्त पाय. चंपाबाईंनी तिथूनच विचारलं, "पाणी देऊ का?"

पडद्यावर आलं, 'नको'.

"कूस बदलू?"

'नको'.

"ऊन लागतंय का अंगाला?"

'होय'.

सगळं रोजच्यासारखं. त्या उठून खिडकीचा पडदा ओढायला निघाल्या, तेवढ्यात अजून एक शब्द उमटला.

'अळणी'.

चंपाबाई परत बसल्या. चष्मा पुसून बघितलं. अळणी. पाच शब्दांत हा शब्द नव्हता. मग त्यांना हसूच आलं. पोरानं गुपचूप नवीन शब्द घातला असणार. आणि पठ्ठ्यानं पहिली काय तक्रार केली तर स्वयंपाकाची. चाळीस वर्षं हेच ऐकलं होतं. चुलीवरची पेज चमच्यानं चाखून बघितली. मीठ बरोबर होतं.

पदराला हात पुसत त्या खोलीत गेल्या. "आवं, बरोबर तर हाय की मीठ."

अण्णाप्पा झोपलेले होते. तोंड थोडं उघडं, श्वास संथ. डावा हात गोधडीच्या आत होता. बटण उशाशी मोकळं पडलेलं होतं.

त्यांनी तो हात बाहेर काढून बघितला. गोधडीत बराच वेळ असावा, चांगला ऊबदार होता.

३

पारसला फोन लावला तर तो म्हणाला, "मी कुठला शब्द घालतोय? ओळ वाच बघू पडद्यावरची."

त्यांनी वाचली.

"आई, शेवटी एक टाकलाईस. शून्य पायजे."

"मग काय झालं?"

"झालं काय न्हाई. एक नंबरला काय जोडलंच न्हाई. तिथं कुणीच न्हाई. पाटी लागती, पर दार उघडाय गेलं की डबा सांगतो, असं यंत्र न्हाई म्हणून. सांगाय पायजे हुतं खरं त्यानं. शून्याचा करंट तिकडं झिरपत असंल. तू ती पाटी काढ. आर, एम, मग नाव."

आर टाकलं. एम टाकलं. नावातलं पहिलं अक्षर टाकलं, तोवर वर शब्द आला.

'नको'.

चंपाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात मुंगी ओलांडताना पाय उचलून धरला, ती बाई. कणकेत सोंडा निघाला तर कागदावर घेऊन झाडाखाली सोडणारी. ती तिथं बसून होती आणि समोरचं कुणीतरी नको म्हणत होतं. वायर असेल, करंट असेल, काही असेल. पण जे नको म्हणतंय त्याला पुसायचं कसं?

"काढलीस का?" पारसनं फोनवर विचारलं.

"व्हय," चंपाबाई म्हणाल्या. आयुष्यातलं मोजकं खोटं, त्यातलं हे एक.

दुसऱ्या दिवशी नऊला लाईट जाईल तेव्हा पाटीही जाईल आपली आपण, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दिवसभर त्या खोलीतच बसल्या, बोटाकडं बघत. सोप्यात वळून बघितलं नाही. संध्याकाळी ताट वाढून घेतलं, स्वतःची बिनमिठाची आमटी ओढली, आणि पहिल्या घासालाच त्यांच्या ध्यानात आलं.

अळणी पेज नव्हती. अळणी त्यांचं ताट होतं.

४

बस्तीत एकदा मुनी महाराजांनी सांगितलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. दिवा घागरीत ठेवला तर उजेड घागरीएवढा, खोलीत ठेवला तर खोलीएवढा. जीव तसा देहाएवढा असतो. नखापासून केसापर्यंत भरलेला, आणि एकटा. अर्धा इथं, अर्धा तिथं असं त्याचं होत नाही. मग जे आत झोपलेलं आहे ते अण्णाप्पा, आणि सोप्यात जे आहे ते नाही. हिशेब सरळ होता. चंपाबाईंनी तो तीनदा करून बघितला आणि चार दिवस नेमानं शून्य टाकलं.

चार दिवस पडद्यावर होय, नको, पाणी, कूस.

पाचव्या दिवशी धुकं अकरापर्यंत उठलंच नाही. उसाची ट्रॉली गाणी लावत रस्त्यानं गेली, पण ट्रॉली दिसली नाही, नुसतं गाणं घरावरनं सरकत गेलं. अशा दिवशी माणसाला वाटतं, आपण अजून पुरते उठलेलो नाही. चंपाबाईंनी शून्याची ओळ टाकली. हात जोडले. मग खाली दुसरी ओळ टाकली, 'अप्पा दोन' असं नाव देऊन, आणि शेवटी एक. आपला हात हे काय करतोय ते त्या लांबून बघितल्यासारखं बघत होत्या.

'आलीस', पडद्यावर उमटलं.

"कोण हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

'तू बोलावलंस त्यो.'

"खूण सांगा."

शब्द आले, एकेक करून, सावकाश, जसे अण्णाप्पा निवांत गप्पा मारताना बोलत. 'बाहुबलीच्या डोंगराला निघालेलो. वढ्यात तुझी चप्पल व्हावून गेली. माझी तुला दिली. अनवाणी घरी आलो. आईला सांगितलं नेम हाय.'

लग्नानंतरची पहिली फेरी ती. सासू वारेपर्यंत तिला हे कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं. चंपाबाईंच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि त्यातनं त्या हसत राहिल्या. किती महिन्यांनी कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं.

वरच्या पाटीपुढं, शून्याच्या पाटीपुढं, तेवढ्यात 'ये' उमटलं होतं. ते त्यांनी नंतर बघितलं.

५

मग रोजचंच झालं. दोन पाट्या. दुपारी घरात सगळं निवांत असताना चंपाबाई हातात माळ घेऊन खुर्चीत बसायच्या आणि खालची पाटी बोलायची. शेताचं, गेलेल्या बैलांचं, पारस लहान असतानाचं. ती कधी चिडायची नाही. खरे अण्णाप्पा चिडायचे. पण आजारानं माणूस मऊ होतो, असं त्या स्वतःला समजवायच्या.

वर 'ये' यायचं. "आले, आले," चंपाबाई म्हणायच्या आणि अजून एक वाक्य वाचायला थांबायच्या.

सुलाबाई एकदा दारात टेकून बघत उभी राहिली. तिला इंग्रजी-मराठी काहीच वाचता येत नव्हतं. "काय काकी, काका आत आणि गप्पा भायेर. दोन-दोन दादलं सांभाळताय व्हय? मला एक जड झालेला."

"गप गं," चंपाबाई म्हणाल्या. हसल्याही. पण हात माळेवर घट्ट झाला.

त्या संध्याकाळी त्यांनी खोलीत जाऊन अण्णाप्पांना नीट बघितलं. पाच वेळा दाबायला आता त्यांना खूप वेळ लागत होता. तीन झाल्यावर बोट दमून थांबायचं, मग चौथं, मग पाचवं. डोळे चंपाबाईंच्या तोंडावर. त्या डोळ्यांत काहीतरी मागणं होतं, आणि ते पाणी किंवा कूस नव्हतं.

"उद्यापास्नं न्हाई बोलवत," चंपाबाई त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या. "तुमच्या गळ्याची शपथ."

मग गोधडी नीट करून त्या चुलीकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला लाईट आली. डबा सुरू झाला, पडदा उजळला. चंपाबाई वही उघडून बसल्या, शून्याची ओळ टाकली, मोठं बटण दाबलं. डब्यानं इंग्रजीत एक वाक्य टाकलं. ते त्यांना आधी कधी दिसलं नव्हतं. फोटो काढून पारसला पाठवला. त्याचा निरोप आला, 'आई, ते नाव आधीच लागलंय म्हणतंय. दोनदा टाकलंस का?'

त्यांनी एकदाच टाकलं होतं. वर बघितलं.

कोरी असायला हवी होती त्या फळीवर एक पाटी आधीपासून होती. अप्पा. आकडा एक.

'आज मीच आलो', पुढं लिहिलेलं होतं. 'तुझी वाट कुठवर बघू.'

६

रविवारी पारस आला. चंपाबाईंनी त्याला सगळं सांगितलं नाही, पण पाटी दाखवली. त्यानं खुर्ची ओढली, बराच वेळ काहीबाही टाकत बसला. पडद्यावर त्या वेळी एकही शब्द आला नाही. पाटी नुसती होती, ओळखीच्या माणसांत अनोळखी माणूस गप बसून राहावा तशी.

"मीच कवातरी कुठंतरी लिवून ठेवलं आसंल, आपसूक लागायला," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात ते बसत नव्हतं. "काढून टाकतो."

चंपाबाईंनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे."

"का?"

का ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "पाटी काढली की ते जातंय का पर?"

"पाटी काढली म्हंजे यंत्र जात न्हाई, आई. नुसतं हे दार मिटतं. मागं कोण आसंल तर त्यो दुसरं दार बघंल." तो हसला. "पर हितं दारामागं कोण हायच कुठं?"

त्यानं आर एम टाकलं, नाव टाकलं, बटण दाबलं. 'नको' आलं नाही. काहीच आलं नाही. पाटी गेली. इतकं सोपं होतं ते.

बाहेर होले घुमत होते. सोप्यात उन्हाची पट्टी होती, तिच्यात धूळ तरंगत होती. आणि खोलीतनं आवाज आला.

"पारस."

पारस खुर्ची पाडूनच आत धावला. चंपाबाईंना उठायला जरा वेळ लागला. त्या दारात पोचल्या तेव्हा अण्णाप्पा उशीवरनं मान उचलून बघत होते, आणि मुलगा त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडत होता.

"चंपा," अण्णाप्पा म्हणाले. "आलीस."

७

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही सांगता येत नाही, असं होतं कधीकधी. आठवड्यात ते बसायला लागले, पंधरवड्यात काठी घेऊन अंगणात. माघ लागला, धुकं गेलं. वस्तीवर माणसांची रीघ लागली. अण्णाप्पा सगळ्यांशी बोलत होते. गोड, सावकाश, एकेक शब्द सोडत. कुणावर चिडत नव्हते. जो हात मेला होता, तो उजवा, तोच आता सगळं करत होता. घास घ्यायचा, काठी धरायचा, लोकांना नमस्कार करायचा. आणि जो चांगला होता, तो डावा, मांडीवर पडून असायचा. लोक म्हणायचे, चंपाबाईंचं पुण्य. त्याही म्हणायच्या, देवाची कृपा. हेच तर मागितलं होतं. मागितलेलं मिळाल्यावर त्याच्याकडं तिरकं बघायचं, हे पापच की.

बटण काढून ठेवलं होतं. त्या खोलीत आता 'ये' म्हणणारं कुणी नव्हतं, कारण हाका मारायला तोंड होतं. अकराला लाईट आली की चंपाबाईंचे पाय मात्र सोप्याकडं वळायचे, आणि खुर्चीपाशी जाऊन त्या परत यायच्या.

पौर्णिमेला नेमाचं उद्यापन ठरलं. नेमाचं आता सगळ्यांना माहीत झालं होतं. अण्णाप्पांनीच सांगितलं होतं. "तीन म्हैने मीठ सोडलं हिनं माझ्यापायी." ऐकून बायकांनी चंपाबाईंच्या पायाला हात लावला. तुम्हाला कसं कळलं, असं कुणी अण्णाप्पांना विचारलं नाही. चंपाबाईंनीही नाही.

दुपारची पंगत. पुरण, कटाची आमटी, कोशिंबीर. पारस वाढत होता, उद्या पहाटे लोणंदला परतायचं म्हणून घाईत होता. कॉम्प्युटरचा डबा त्यानं वायरी गुंडाळून दारापाशी काढून ठेवला होता, न्यायला. आता कशाला लागतोय? सुलाबाई ताटाशी बसल्या बसल्या सगळ्यांना हसवत होती.

"काका, बोलाय लागलाय खरं, पर पयल्यासारखं वसकत न्हाई बघा. काकीला चुकल्यासारखं व्हत आसंल."

"वसकायचं कशाला," अण्णाप्पा म्हणाले. "लय गोड हाय ही." आणि त्यांनी उजव्या हातानं भाताचा घास कालवला, आमटी घालून, मीठ घालून, आणि शेजारी बसलेल्या चंपाबाईंच्या तोंडापुढं धरला. "घे. सुटला तुझा नेम."

बायका कौतुकानं बघायला लागल्या. पारसनं मोबाईल काढला, फोटोला.

चंपाबाईंनी तोंड उघडलं. वासानं तोंडाला पाणी सुटलं होतं, तीन महिन्यांचं. त्यांनी मान खाली घातली, लाजल्यासारखी, आणि तेवढ्यात त्यांना ते दिसलं.

अण्णाप्पांचा डावा हात ताटाच्या कडेला आला होता. तर्जनी काठावर टेकली होती. ती उठली आणि पडली. एक. दोन. तीन. मग दमून थांबली. मग चार. खूप वेळ काहीच नाही. मग पाच. 'ये'.

त्यांनी वर बघितलं. अण्णाप्पांचं तोंड सुलाबाईला काहीतरी सांगत हसत होतं. त्या तोंडाला हाताची काही खबर नव्हती.

परत एक. दोन. तीन.

हसणं मधेच थांबलं. अण्णाप्पांनी सावकाश खाली बघितलं, मग चंपाबाई कुठं बघतायत ते बघितलं. उजव्या हातातला घास ताटात ठेवला. तोच हात, आमटीनं माखलेला, डाव्या हातावर अलगद आणून झाकला, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसा. आणि दाबला.

"जेव की," ते मायेनं म्हणाले.

चंपाबाईंनी ताट थोडं पुढं सारलं. आपला आवाज कापेल असं त्यांना वाटलं होतं, पण तो रोज बस्तीत स्तोत्र म्हणताना असतो तसा निघाला.

"पारस, त्यो डबा नेऊ नकोस."

"आता काय करायचाय आई?"

"जोड परत आजच. बटण काढ फडताळातलं. ओळ मी टाकते, मला येती."

"पर कशाला?"

"ह्यांचं बोलणं राहिलंय."

सगळी पंगत हसली. सकाळपासून ज्या माणसाचं तोंड मिटलं नव्हतं त्याचं बोलणं राहिलंय म्हणे. सुलाबाईला तर ठसकाच लागला. अण्णाप्पाही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. हसता हसता उजव्या हाताची पकड आवळत गेली, नखं पांढरी झाली, आणि तिच्याखाली, अगदी हळू, चंपाबाईंच्या डोळ्यांदेखत, ते बोट चौथ्यांदा हललं.